सीलाकँथ ‘जसाच्या तसा’ राहिलेला नाही

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो. निळसर, जाड खवल्यांच्या माशाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘सीलाकँथ ४० कोटी वर्षांत तसूभरही बदलला नाही. नामशेष म्हणवला गेलेला हा मासा जिवंत निघाला. शास्त्रज्ञ ज्याला पूर्वज म्हणतात तोच आज पोहतोय, म्हणजे उत्क्रांती खोटी. शास्त्रज्ञ फक्त एकमेकांची री ओढतात.’

सगळा डोलारा ‘तसूभरही’ या शब्दावर उभा आहे. आजच्या सीलाकँथचं नाव लॅटिमेरिया, आणि लॅटिमेरियाचा एकही जीवाश्म मिळालेला नाही. मिळतात ते घराण्यातले इतर. त्यातला मॅक्रोपोमा जेमतेम अर्ध्या मीटरचा. लॅटिमेरिया दीड-दोन मीटरचा. कॅनडात मिळालेल्या रेबेलाट्रिक्सची शेपूट वेगवान शिकारी माशासारखी दुभंगलेली. सगळ्यात बोलकं आहे ते फुप्फुस. जुन्या सीलाकँथांचं मोठं आणि हाडासारख्या पट्ट्यांनी वेढलेलं होतं. आजच्या माशात त्याचा आक्रसलेला अवशेष उरलाय आणि शेजारी चरबीने भरलेला अवयव. फुप्फुस गमावलेल्या माशाला ‘बदलला नाही’ म्हणायचं म्हणजे कमाल आहे! त्याची प्रथिनं घडवणारी जनुकं चतुष्पादांच्या, म्हणजे चार पायांच्या प्राण्यांच्या, मानाने सावकाश बदलतात, हे खरं. पण सावकाश म्हणजे थांबलेली नव्हे.

जिवंत सापडला, हे मात्र शंभर टक्के खरं. डिसेंबर १९३८, दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन. ट्रॉलरवरच्या माशांच्या ढिगातून डोकावणारा निळा पर तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी हेरला. वास मारणारं ते धूड टॅक्सीत घ्यायला चालक तयार होईना. दुसरा मासा हाती यायला १४ वर्षं लागली, तोही कोमोरोस बेटांवर, जिथले कोळी त्याला ‘गोम्बेसा’ म्हणून केव्हाचे ओळखत होते. जीवाश्म ६.६ कोटी वर्षांपूर्वी थांबतात म्हणून वंश संपला, हा अंदाज चुकला. एवढंच. त्याने उत्क्रांतीला कसा धक्का लागतो, हे फॉरवर्ड सांगत नाही.

आता ‘पूर्वज’. सीलाकँथ आपला खापरपणजोबा नाही, दूरचा भाऊबंद आहे. चुलत घराणं अजून नांदतंय म्हणून आपली वंशावळ खोटी ठरत नाही.

आणि री ओढण्याचं म्हणाल, तर चार पायांच्या प्राण्यांना जवळचा कोण, सीलाकँथ की फुप्फुसाने हवा घेणारा फुप्फुसमासा, यावर हेच लोक कित्येक वर्षं भांडत होते. २०१३ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून सीलाकँथचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, वाचला, २५१ जनुकं ताडून पाहिली. कौल फुप्फुसमाशाकडे गेला. त्याचा स्वतःचा जीनोम तेव्हा आवाक्याबाहेर होता. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा तर ४३ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या जवळपास चौदापट. तो २०२१ मध्ये दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने वाचला. उत्तर तेच आलं.