मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होत नाही

‘घरबसल्या नैसर्गिक रंगांचा व्यवसाय: भांडवल शून्य, केमिकल शून्य’ असा एक लांबलचक मेसेज महिलांच्या ग्रुपांवर फिरतोय. मावशीने तो मला पाठवला तोवर तिने २० मीटर सुती कापड आणलं होतं आणि बीट किसायला घेतलं होतं. नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

मेसेज थोडक्यात असा. कुठलंही फळ, फूल, भाजी उकळा. कापड बुडवा, मूठभर मीठ आणि वाटीभर व्हिनेगर घाला, रंग पक्का. फिका वाटला तर चमचाभर मोरचूद (तांब्याचा क्षार) किंवा डायक्रोमेट. उरलेलं पाणी झाडांना. मजुरी घरचीच, म्हणून साहित्याच्या दुप्पट किंमत लावा. रंग गेल्याची तक्रार आली तर म्हणा, ‘नैसर्गिक रंग असाच असतो.’

‘मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो’

नाही होत. मीठ उपयोगी पडतं ते कृत्रिम रंगांत, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह आणि डायरेक्ट रंगांत. तिथे ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. व्हिनेगर उपयोगी पडतं ते लोकर किंवा रेशमावरच्या अ‍ॅसिड रंगांत. दोन वेगळ्या पद्धतींतल्या दोन खऱ्या गोष्टी उचलून कुणीतरी बिटाच्या पातेल्यात टाकल्या आहेत. सुती धाग्यावर बिटाच्या रंगाला धरून ठेवेल असं या दोन्हींत काही नाही.

त्यात बिटाचा रंग मुळातच कच्चा. उष्णतेने तो मोडतो, म्हणजे जितकं उकळाल तितका कमी. जांभूळ, जास्वंद, लाल कोबी यांचे रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळे-हिरवे होतात. व्हिनेगर घातल्यावर पातेल्यात जो सुंदर गुलाबी दिसतो तो पक्केपणा नव्हे, आम्लाची करामत आहे. साबण अल्कलीयुक्त असतो. पहिल्या धुण्यात तो गुलाबी राखाडी होतो, आणि फोटो काढून झालेला असल्यामुळे ते फक्त ग्राहकाला दिसतं.

हळदीपुरतं मेसेजचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य. हळद सुती कापडावर थेट चढते, मिठाशिवायही. पण उन्हात झपाट्याने उडते. डाळिंबाची साल आणि हिरडा मात्र त्यांच्यातल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, खरोखर धरून राहतात. मेसेजमध्ये नेमका या दोघांचाच उल्लेख नाही.

रंग धरून ठेवतो तो रंगबंधक, म्हणजे मॉर्डंट. बहुतेक ठिकाणी ती साधी तुरटीच असते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला पकडतं. सुताला तुरटी नीट चिकटत नाही म्हणून आधी टॅनिन द्यावं लागतं. १ किलो कोरड्या सुती कापडाचा हिशेब असा:

आधी खळ आणि मेण काढायचं. २० ते ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा डिटर्जंट घालून दीड-दोन तास मंद उकळायचं. पाणी चहासारखं तपकिरी झालं तर पुन्हा एकदा. ही पायरी गाळली की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि दोष तुरटीला दिला जातो. मग १५० ते २०० ग्रॅम हिरड्याची पूड ५० अंशांच्या पाण्यात कालवून त्यात तास-दोन तास. कापड पिळायचं आणि फार न धुता तुरटीच्या पाण्यात घालायचं: १५० ग्रॅम तुरटी, २० ग्रॅम तोच धुण्याचा सोडा. सोडा वेगळा विरघळवून थोडाथोडा ओतायचा, एकदम टाकला तर फेस उतू जातो. कापड त्यात रात्रभर. सोडा कशासाठी? तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि आम्लात अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलंच राहतं, ते धाग्यावर बसवायचं तर आम्ल कमी करावं लागतं. म्हणजे इथे व्हिनेगर ओतणं हा नेमका उलटा उद्योग आहे.

यानंतर रंग. मंजिष्ठा (लाल रंग देणारी वनस्पती) घेतलीत तर कापडाच्या वजनाच्या निम्मी ते तेवढीच, ६० ते ७० अंशांवर तासभर, सतत हलवत, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. खळखळून उकळलीत तर लाल जाऊन विटकरी-तपकिरी उरतो. पातेलं स्टीलचं, आणि स्वयंपाकात पुन्हा न वापरायचं. लोखंडी कढईत सगळेच रंग मळकट होतात. कापड कोंबून भरलं की घड्यांच्या रेषा उमटतात.

लोकरीला हे जसंच्या तसं लागू नाही. तिला सोड्यात उकळायचं नसतं आणि हिरड्याची गरज नसते. निळीला तर तुरटीही नको. मेसेज म्हणतो ‘नीळ पाण्यात उकळा’, पण नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिला अल्कलीत क्षपण करून, म्हणजे रासायनिक क्रियेने तिचं विरघळणारं रूप बनवून, पाण्यात उतरवावं लागतं. घरी जमण्याजोगं प्रमाण म्हणजे १ भाग नीळ, २ भाग चुना, ३ भाग फ्रुक्टोज.

‘चमचाभर मोरचूद किंवा डायक्रोमेट’

ज्या मेसेजचं शीर्षक ‘केमिकल शून्य’ आहे त्यातच हे लिहिलंय! पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये षट्संयुजी क्रोमियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, ते गट १ मध्ये टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. चमच्याने काढताना उडणारी बारीक पूड श्वासात जाते, हातांवर व्रण होतात, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की सुटत नाही. युरोपीय संघाच्या रसायनांविषयीच्या रीच नियमांत ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. आणि इथे ते स्वयंपाकघरात, मुलं घरात असताना, ‘चमचाभर’. यावर मधला मार्ग नाही, ते घरात आणूच नका.

मोरचुदाने काही रंग उन्हात थोडे जास्त टिकतात, हे खरं. पण उरलेलं पाणी झाडांना घाला म्हणणाऱ्याला हे माहीत नसावं की याच मोरचुदापासून बुरशी मारायचं बोर्डो मिश्रण करतात, आणि पाण्यातल्या जिवांना तांबं फार घातक असतं. रंग गडद हवा असेल तर हिराकस (लोहाचा क्षार) पुरे: कापडाच्या वजनाच्या १ ते २ टक्के, शेवटी, ५-१० मिनिटं. हात सैल सोडू नका, कारण जास्त लोहाने सुती धागा कुजतो आणि कापड वर्षा-दोन वर्षांत घडीवर फाटतं.

‘केमिकल शून्य’ हे लेबलही काढा. तुरटी आणि सोडा ही रसायनंच आहेत. ‘तुरटीवर मंजिष्ठा’ असं लिहिलं तर ते खरंही आहे आणि जाणकार गिऱ्हाइकाला जास्त पटतं.

‘पाणी लागतच नाही’

हाही एक मुद्दा होता. १ किलो कापडाला प्रत्येक टप्प्यात निदान २० लिटर पाणी लागतं. सोडा, हिरडा, तुरटी, रंग आणि मधली-शेवटची चार खळबळणी धरली तर १६० लिटर झाले. तुरटीचं पाणी पुढच्या खेपेला वापरता येतं, फक्त कमी पडलेली तुरटी घालायची. बचत हवी तर तिथे होते.

‘मजुरी घरचीच’

१ किलो कापडाचे १०० ग्रॅमचे १० स्कार्फ होतात. तीन दिवसांत मिळून प्रत्यक्ष हात लावून ८ तास काम धरा, म्हणजे नगाला ४८ मिनिटं. काठ शिवणं, इस्त्री, लेबल यांची आणखी २० मिनिटं. दहातला एक डागाळतो, म्हणून एकूण खर्च नवावर वाटायचा. साहित्य, इंधन, पाणी यांत हे तास ठरावीक दराने मिळवल्याशिवाय किंमत ठरतच नाही. साहित्याच्या दुप्पट किंमत लावणाऱ्या बाईला दहा नग विकून साहित्याचे पैसे परत मिळतात, वर तेवढेच हाती लागतात, आणि त्यातून इंधन, डागाळलेला नग आणि अकराहून जास्त तासांची मेहनत असं सगळं भागवायचं. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या १० तत्त्वांत योग्य मोबदला हे स्वतंत्र तत्त्व आहे. ते बनवणारीला स्वतःलाही लागू होतं, ‘एथिकल’ शब्द लेबलावर छापणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं.

‘नैसर्गिक रंग असाच असतो’

असा नसतो. नीट चढवलेली मंजिष्ठा वर्षानुवर्षं टिकते. रंगाचा पक्केपणा मोजायला आयएसओ १०५ ही मानकांची मालिका आहे. धुण्यात रंग किती बदलला ते १ ते ५ च्या राखाडी पट्टीवर, आणि प्रकाशात किती टिकला ते निळ्या लोकरीच्या १ ते ८ च्या पट्टीवर पाहतात. प्रयोगशाळा नसली तरी याची घरगुती नक्कल जमते. रंगवलेली पट्टी पांढऱ्या पट्टीला शिवून ४० अंशांच्या साबणाच्या पाण्यात अर्धा तास हलवा. पांढरी पट्टी रंगली तर तो नग विकायचा नाही. दुसरी पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत तीन आठवडे ठेवा आणि मग पुठ्ठा उचला.

मावशीच्या वीस मीटरमधले एक वीत कापड सध्या खिडकीत आहे, बिटाचं. पुठ्ठा अजून उचललेला नाही, पण उघडी बाजू आत्ताच बदामी झाली आहे.