गोल्डन इमेज आणि कोथिंबिरीची जुडी

आमच्या ऑफिसातल्या साठ माणसांचे डेस्कटॉप क्लाउडवर आहेत. म्हणजे टेबलावर नुसता स्क्रीन आणि एक छोटा डबा, खरं विंडोज चालतं मायक्रोसॉफ्टचा क्लाउड जो अझ्युअर, त्याच्या सेंट्रल इंडिया रीजनमध्ये. आणि हे सेंट्रल इंडिया म्हणजे नागपूर-भोपाळ नाही बरं का, आपलं पुणंच. हे मी एकदा सिस्टिम अडलेली असताना मोठ्या कौतुकाने मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग इथे बसून काय करतोयस, गाडी काढ आणि बघून ये काय झालंय ते."

आता साठ जणांसाठी साठ वेळा विंडोज कोण लावत बसणार, म्हणून एकच मशीन घ्यायचं, त्याला सगळं घालून-सजवून तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढायची आणि त्या इमेजवरून सहा मशीन उभी करायची, एकेकावर दहा-दहा जण. या साच्याला आमच्या लाइनीत गोल्डन इमेज म्हणतात. नाव सोन्याचं, पण वागणूक मोदकाच्या साच्याची, एक पाकळी मोडकी असली की एकवीसच्या एकवीस मोदक मोडके.

पहिल्या खेपेला मी टाइमझोन बदलायला विसरलो. क्लाउडमधलं मशीन जन्मतः यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. सकाळी साडेनऊला केलेल्या बिलावर पहाटे चारची वेळ पडायला लागली आणि हे कोणाच्या लक्षात यायला पंधरा दिवस गेले, कारण तारीख बरोबर होती. ऑडिटरने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे लोक ब्राह्ममुहूर्तावर बिलं करतात का हो?"

दुसऱ्या खेपेला टाइमझोन केला तर मंगल फॉन्ट राहिला. इंग्रजी विंडोजमध्ये मंगल आता आपोआप येत नाही, देवनागरीचे जादाचे फॉन्ट म्हणून वेगळं ऑप्शनल फीचर टाकावं लागतं, हे मला कळलं कधी, तर ऑफिसातल्या काकूंनी वर्षानुवर्षं जपलेली सरकारी पत्रं उघडल्यावर. अक्षरं दिसत होती, पण दुसऱ्याच फॉन्टमध्ये, आणि एका पानाचं पत्र सव्वा पानाचं झालं होतं, दुसऱ्या पानावर फक्त "आपला विश्वासू". काकू म्हणाल्या, "सर, विश्वासू एकटाच पडलाय."

पण खरी परीक्षा म्हणजे सिसप्रेप. इमेज काढायच्या आधी हे चालवायचं, ते त्या मशीनचं नाव, गाव, गोत्र सगळं पुसतं, म्हणजे त्यावरून निघणारं प्रत्येक मशीन स्वतःला वेगळं समजेल. एका इमेजवर हे जास्तीत जास्त १००१ वेळा चालवता येतं, आहेराच्या पाकिटातला शुभ आकडा, पण माझं पहिल्याच वेळी अडलं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल तरी अडतं, म्हणून तो आधीच बंद केला होता, तरीही एरर. मग पँथर नावाच्या फोल्डरमधली लॉग फाइल उघडायची आणि हजारो ओळींत डोकं घालायचं. रात्री दीडला सापडलं की एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं अ‍ॅप एका युजरसाठी बसलंय पण सगळ्यांसाठी नाही. तो एक युजर कोण? मीच. वाट बघता बघता कंटाळून मी स्टोअर उघडून कॅल्क्युलेटर अपडेट केला होता. आयुष्यात कधी न वापरलेला कॅल्क्युलेटर.

आणि एकदा मशीन जनरलाइझ, म्हणजे गोत्र पुसलेलं, म्हणून नोंदवून त्याची इमेज काढली की ते मशीन परत सुरू करता येत नाही. संन्यास घेतलेल्याने पुन्हा संसारात यायचं नाही, विठ्ठलपंत आले तर आळंदीकरांनी काय केलं माहितीये ना, अझ्युअर तेवढंच कडक. म्हणून शहाणी माणसं आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवतात. मी शहाणा तिसऱ्या खेपेनंतर झालो.

हे सगळं एकदा करून सुटका असती तरी चाललं असतं. पण दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे अपडेट येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा, की परत साचा उघडा, परत सजवा, परत गोत्र पुसा. त्यात एकदा अंगारकी आली. बायको चंद्रोदयाची वाट बघतेय आणि मी अपडेटची, चंद्र आधी आला. मी एका हातात फोन आणि एका हातात माऊस धरून बसलो असताना तिने सांगितलं, लिहून घे, उद्या येताना आणायचंय. समोर पब्लिक डेस्कटॉपचं फोल्डर उघडं होतं, शॉर्टकट टाकत होतो, तिथेच नोटपॅडमध्ये लिहिलं: कोथिंबीर एक जुडी, आलं पाव किलो, लिंबं दोन, मिरच्या. फाइलचं नाव "भाजी". सेव्ह केली. नंतर सिसप्रेप.

पब्लिक डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू त्या मशीनवर येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. गुरुवारी सकाळी साठ जणांनी लॉगिन केलं आणि साठ जणांच्या स्क्रीनवर भाजी. नऊ पस्तीसला पहिला फोन, "सर, हा व्हायरस आहे का?" नऊ चाळीसला काकू, "सर, पाव किलो आलं कशाला, वाळून जातं." मालकांनी काहीच विचारलं नाही, फक्त जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मिळाली का कोथिंबीर?"

मी सहाही मशीनवर जाऊन हाताने फाइल उडवली आणि विसरलो. पुढच्या महिन्यात त्याच साच्यावर अपडेट चढवून नवीन सहा उभी केली तर भाजी परत हजर, कारण साच्यात ती होतीच की. यावेळी मात्र साच्यातूनच काढली, पुन्हा सगळा घाट घातला, सगळ्या लॉगिनला जाऊन डोळ्यांनी खात्री केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला डिस्पॅचच्या काकांचा फोन. "अहो, ती भाजीची यादी कुठे गेली?"

म्हटलं, काढली काका, चुकून राहिली होती.

"अहो काढली काय, मी रोज निघताना बघून तेच घेऊन जात होतो. आता काय नेऊ?"