आईचे 72 तास

सकाळी गल्लीतल्या काकूंकडे डबा द्यायला गेले, तर त्या कुशीवर पडलेल्या. कमरेच्या डाव्या अंगाला गेरूचा लेप, मधूनमधून पाण्याने टचटचीत भरलेले फोड. चौथा दिवस! सून म्हणाली, "तासगावकडं एकजण नागिणीवर मंत्र घालतो, पाच दिवस जायचंय." घरी आले तरी माझे हात थरथरत होते.

2017 साली माझ्या आईचं हेच झालं. मीच नेलं तिला, गाडीवर मागे बसवून. वेटोळं पूर्ण झालं की माणूस दगावतं, या भीतीपोटी डॉक्टरचं नावही कुणी काढलं नाही.

अहो, ते वेटोळं पूर्ण होणार कुठून? कांजिण्यांचाच विषाणू हा. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो. कवच, आवरण सगळं टाकून, नुसता सव्वा लाख अक्षरांचा डीएनए पेशीच्या केंद्रकात पडून. चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा! वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की जागा होतो, स्वतःच्या प्रती काढत सुटतो आणि त्याच नसेतून कातडीवर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून फोड सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत.

असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध नेमकं त्या प्रती काढण्यावर घाव घालतं. विषाणूचंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या औषधाला चालू करतं, मग ते खोटा दुवा होऊन डीएनएच्या नव्या साखळीत बसतं आणि साखळी तिथेच थांबते. पण आधी निघालेल्या प्रती, दुखावलेली नस? त्यावर या औषधाचा इलाज चालत नाही. म्हणून फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी.

आईचे ते 72 तास मी गाडीवर घालवले.

खपल्या पडल्या, आग राहिली. दोन वर्षं. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई, कमरेला कासोटा सहन होईना म्हणून गाऊन घालून आतल्या खोलीत बसायची. कुणी आलं की दार लोटून घ्यायची. पंख्याचा वारा लागला तरी कळवळायची.

मंत्रवाला पैसे घ्यायचा नाही, नारळावर भागायचं, हे खरं. पुष्कळांची नागीण आपोआप जाते, हेही खरं. म्हणूनच तर मंत्राला यश मिळतं! मिरजेला कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात आणि आपण सांगलीत बसून गेरू लावतो. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आलीय आता. महाग आहे, मान्य.

दुपारी परत गेले. सुनेवर ओरडायचंच ठरवलं होतं. आईचं सांगायला लागले तर पोरगी रडायलाच लागली. तिला तरी कुणी सांगितलं होतं? मला कुठे कुणी सांगितलं होतं?

संध्याकाळी रिक्षाने नेलं काकूंना. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण नवे फोड अजून येतायत, गोळ्या सुरू करू. येताना प्रत्येक खड्ड्याला काकू डोळे मिटत होत्या. पदर कमरेला लागू नये म्हणून चिमटीत धरून लांब ठेवला होता. आई धरायची तसाच.