आपल्या कोळ्यांची पैदास आपल्याकडे का नाही?

जुलै २०२१मध्ये चेन्नईच्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. आत फॉइल आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. पार्सल तामिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टईला जायचं होतं, ते पोलंडला परत पाठवायचं ठरलं. तेव्हापासून आमच्या घरच्या गप्पांत हा विषय अधूनमधून पेटतो. निसर्गभ्रमंती घडवून आणणारा माझा पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, हे सगळं पाळणंच बंद करा. त्याचे कोळी पाळणारे मित्र म्हणतात, घरात पैदास झाली की जंगलातले कोळी वाचतात, म्हणजे हे संवर्धनच. मी जर्मनीत राहते आणि पेसिलोथेरिया रेगॅलिसची पैदास करते. हा आपल्या पूर्व आणि पश्चिम घाटांतल्या झाडांच्या ढोलीत राहणारा कोळी आहे. मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं.

पैदास म्हणजे नर-मादी एका डब्यात सोडणं नव्हे. नराची शेवटची कात पडली की त्याच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं फुगीर होतात. तो जाळ्याचा छोटा पट विणतो, त्यावर शुक्राणू सोडतो आणि ते त्या टोकांत भरून घेतो. मग मादीच्या ढोलीपाशी जाऊन तो ठेका धरतो. मादी राजी असेल तर आतून उत्तर येतं. मादीला आधी भरपूर खाऊ घातलेलं नसेल तर नर तिच्या जेवणात संपू शकतो. मिलनानंतर मादीनं अंडी घालण्याआधीच कात टाकली तर साठवलेले शुक्राणू कातीबरोबर जातात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मादीची कात नुकतीच पडलेली असतानाच नर आणायचा. तो बहुधा दुसऱ्या कुणाकडून उसना येतो आणि पिल्लं झाली की निम्मी निम्मी वाटून घ्यायची, अशी इथली रीत आहे. अंडीपिशवी महिनाभरानं काढून उबवणीपेटीत ठेवतात, कारण मादीला जरा त्रास झाला तर ती पिशवीच खाऊन टाकते. मग शंभराच्या आसपास पिल्लं, प्रत्येकाची वेगळी कुपी, प्रत्येकाला फळमाश्या.

एवढं सगळं करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही याला संवर्धन म्हणायला मी तयार नाही आणि त्याचं कारण आपल्याच एका कोळ्यात आहे.

पेसिलोथेरिया मेटॅलिका हा गर्द निळा कोळी. १८९९मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. लाकडाबरोबर तो दुसरीकडून आला असणार. पुढे शंभर वर्षं पत्ता नाही. २००१मध्ये तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात पुन्हा दिसला आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या काचपेट्यांत पोहोचला. ते पहिले कोळी चोरून बाहेर गेले. २००८मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. आज इथे त्याची पिल्लं सहज मिळतात. एके काळी शेकडो डॉलरना विकलं जाणारं पिल्लू आता त्याच्या छोट्या अंशात येतं. पण इथल्या काचपेटीतून एकही कोळी नंद्यालच्या जंगलात परत जात नाही. जाऊही नये, कारण कोणाचे आईबाप कुठल्या झाडावरचे याची नोंद नाही. तिथे झाडं तुटतात आणि इथे पिल्लं वाढतात, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

पैदाशीमुळे जंगलातून पकडण्याची ओढ कमी होते, हे मात्र मी मान्य करते. पण तेही प्राणी कुठून आला याचा कागद असेल तरच. इथे जर्मनीतल्या हाम शहरात वर्षातून चार वेळा टेरारिस्टिका हा काचपेटीत पाळायच्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घरात पैदास झालेल्या प्राण्यांच्या डब्यावर तशी खूण असते आणि शेजारच्याच टेबलावर जंगलातून पकडलेलेही विकले जातात. २०१९मध्ये पेसिलोथेरिया कुळीतल्या सगळ्याच जाती सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानंच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत आल्या. त्यामुळे आता पिल्लू देताना त्याच्या उगमाचा दाखला द्यावा लागतो. ही कटकट मला हवी आहे.

भारतातही हालचाल झाली. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती आली आणि २०२४च्या नियमांनी सायटिसमधल्या जिवंत प्राण्यांची मालकी, जन्म, मृत्यू, हस्तांतर हे सगळं नोंदवणं बंधनकारक केलं. उत्तम झालं. पण आपल्याकडची चर्चा अडकते ती ब्रॅकिपेल्मा, म्हणजे मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे टॅरँट्युला, पाळणाऱ्यांपाशी. आपल्या घाटातल्या कोळ्याची कात कधी पडते, मादी केव्हा राजी होते, पिशवी किती दमट ठेवायची, हे सारं ज्ञान जर्मन आणि इंग्रजी छंदिष्टांच्या वह्यांत साठतंय. ज्या झाडावर तो राहतो तिथल्या माणसाला त्यात ना वाटा, ना मान. हे मला फार लागतं. मेक्सिकोनं स्वतःच्या कोळ्यांसाठी परवानाधारक पैदास केंद्रांची वाट काढली. आपल्याला ती का काढता येऊ नये?

दिवाणखान्यात कुणीही सुरू करावं, असं मी म्हणत नाही. रेगॅलिसच्या चाव्यानं माणूस मरत नाही, पण स्नायूंचे गोळे आणि वेदना कित्येक दिवस छळतात. सुरुवात सरकारी देखरेखीखाली व्हावी, आणि मेटॅलिकापासून नव्हे, तर त्यामानानं दूरवर पसरलेल्या रेगॅलिसपासून. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहेच. नर-मादी कुठल्या झाडावरून घेतले याची नोंद हवी, प्रत्येक कात जपून ठेवायला हवी, आणि पिल्लं विकली गेली तर पैशाचा एक हिस्सा त्या जंगलालगतच्या गावाला मिळायला हवा. घाटातल्या ढोल्या रात्री टॉर्च घेऊन तपासणारी पोरं महाराष्ट्रात आहेत. मामेभावाच्या गटातच काहीजण आहेत. त्यांना हे काम कायद्यानं, पगारावर करू द्या.