साहेब मला चिचुंद्री म्हणाले

यंदाच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली: 'व्हेंडर्सशी वागताना व्हेरी श्रूड.' खाली पगारवाढ, सहा टक्के. टक्के बघून रडूच येणार होतं, पण त्या 'श्रूड'ने सावरलं.

मी परचेसमध्ये आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या भावावरून तीन दिवस घासाघीस करून मी खोक्यामागे चाळीस पैसे उतरवले होते. शेवटी व्हेंडर म्हणाला, "ताई, आता यातल्याच एका खोक्यात मला भरा आणि टेप मारा."

घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे धूर्त?"

"चाणाक्ष!"

मराठीत ही सोय फार चांगली आहे. आपला तो चाणाक्ष, शेजारचा धूर्त, भाऊबंदांतला लबाड, नेता असेल तर मुरब्बी आणि नणंद... जाऊ दे, ती हे वाचते. इंग्रजीने मात्र एवढी मंडळी एकाच शब्दात कोंबलेली. साहेबांनी मला यातल्या नेमक्या कुठल्या बाकावर बसवलं, ते कळेना. म्हणून रात्री भांडी आवरून शब्दाचं मूळ शोधायला बसले. बसायला नको होतं.

'श्रूड' निघाला 'श्रू'वरून. आणि श्रू म्हणजे चिचुंद्री!

जुन्या इंग्लंडात लोकांची समजूत, की चिचुंद्री भयंकर विषारी. (तिकडच्या पाणचिचुंद्रीच्या लाळेत खरंच विष असतं, म्हणजे अगदीच कंडी नव्हे.) त्यामुळे बहुधा दुष्ट माणसाला 'श्रू' म्हणायची पद्धत पडली आणि श्रूड म्हणजे दुष्ट, खोडसाळ. पुढे कजाग बाईलाही तोच शब्द. शेक्सपिअरने अशाच बाईला वठणीवर आणायचं नाटक लिहिलं, वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ते मराठीत आणलं, नाव 'त्राटिका'. हा शब्द जरा न्हाऊन-धुऊन 'हुशार' म्हणून चारचौघांत बसायला लागला तो सोळाव्या शतकात. म्हणजे साहेबांनी हे सहाशे वर्षांपूर्वी लिहिलं असतं, तर मला एचआरकडे जावं लागलं असतं.

'कनिंग'चं कूळ बघा, किती सोज्वळ! मुळात जाणणे, आपल्या 'ज्ञाना'शी थेट सोयरीक. 'क्राफ्टी'तल्या क्राफ्टचा मूळ अर्थ ताकद, जर्मनीत तो अजूनही तोच आहे. एखाद्याच्या वाट्याला ज्ञान, एखाद्याच्या ताकद आणि माझ्या वाट्याला मोरीतली चिचुंद्री.

तेवढ्यात ती आलीच. आमच्याकडे पावसाळ्यात येते. लांब नाक पुढे, भिंतीला घासून, चिक् चिक् करत सिंकखालून निघाली आणि मागे तो वास. मी झाडू उचलला.

"मारू नकोस गं," सासूबाई खोलीतून म्हणाल्या, "झुरळं खाते ती. कुणाचं काही घेत नाही बिचारी."

"आई, ऑफिसात मला तीच म्हणालेत."

"मग बरोबरच आहे की. तूही कुठे काय घेतेस? सहा टक्के!"

झाडू ठेवला आणि उरलेलं वाचलं. तैवानात या चिचुंद्रीला 'पैशाचा उंदीर' म्हणतात. तिचं चिकचिकणं त्यांना नाणी वाजल्यासारखं वाटतं, घरात आली तर शुभ मानतात.

मी दिवा मालवून सिंकपाशी उकिडवी बसले आणि कान दिला. सहा टक्क्यांपेक्षा नक्कीच जास्त वाजत होतं.