‘जसं बोलतो तसंच लिहितो’, म्हणून तर तिने ‘इहीर’ लिहिलं

कोरेगाव तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जूनपासून एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, एका अक्षराचा एकच उच्चार, म्हणून मराठीला स्पेलिंगची भानगड नाही. बाराखडी तोंडपाठ करून घ्या, दोन महिन्यांत मूल वाचायला लागतं. पूर्वी असंच शिकवायचे आणि सगळ्यांना यायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. गेल्या आठवड्यात एक आजोबा हाच मेसेज मोबाइलवर दाखवत वर्गाच्या दाराशी आले. “बाई, एवढं सोपं हाय तर आमच्या पोराला कसं येत न्हाय? मारा, पण शिकवा.” नातू शेजारीच उभा होता, मान खाली घालून. त्याची मान वर यावी म्हणून हे लिहितेय.

‘जसं बोलतो तसंच लिहितो.’ पण कोण बोलतो? दुसरीतल्या एका मुलीला मी विहिरीचं चित्र देऊन खाली नाव लिहायला सांगितलं. ती ओठ हलवत, एकेक आवाज सुटा करत लिहीत होती. लिहिलं : ‘इहीर’. एक आवाज चुकला नव्हता, ‘ही’ची वेलांटीसुद्धा बरोबर दिली होती. तिच्या घरात सगळे इहीरच म्हणतात. पानी, येळ, इळा, इस्तू ही तिची मराठी आहे, आणि ती सातारा-सांगलीच्या निम्म्या घरांची मराठी आहे. मेसेजच्या नियमाने तिला पैकीच्या पैकी द्यायला हवेत. मी लाल रेघ मारली नाही. फळ्यावर दोन रकाने आखले, ‘घरी म्हणतो’ आणि ‘पुस्तकात लिहितात’, आणि पहिली ओळ तिलाच लिहायला लावली. तास संपेपर्यंत पोरांनी फळा भरून टाकला. तिचं बोलणं चुकीचं आहे, असं सहा-सात वर्षांच्या लेकराला सांगायचं म्हणजे तिची आई चुकीची आहे असं सांगण्यासारखं आहे. लिहायची रीत वेगळी, एवढंच तिला कळायला हवं.

‘एका अक्षराचा एकच उच्चार.’ आता मोठ्याने म्हणा : चार, चारा. जिरं, जाळं. दोन्ही जोड्यांत अक्षर एकच, जीभ मात्र वेगळ्या जागी लागते. गंगा, घंटा, संत, कंप या चार शब्दांतला अनुस्वार चार तऱ्हांनी उच्चारला जातो, टिंब तेच. आपण ‘घरटं’ लिहितो आणि ‘घर्टं’ म्हणतो. माझी मुलं तसं लिहितातही. श आणि ष यांतला फरक बोलण्यात बहुतेकांच्या राहिलेला नाही. आपल्याला हे खटकत नाही, कारण आपण कधीच शिकून बसलो आहोत.

‘स्पेलिंग नाही.’ खीर दीर्घ, पण खिरीत ऱ्हस्व. फूल, पण फुलाला. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या पाटणकडच्या. जुन्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसतील, ‘कवि’, ‘गुरु’ ऱ्हस्व दिसतील. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली लेखनाचे नियम केले, न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ ठरवले. म्हणून कुणाचं बोलणं बदललं नाही, लिहिणं बदललं. मोठ्यांनी बसून ठरवलेली गोष्ट मुलाला नुसती ऐकून कशी कळेल? ती दाखवावी लागते, पुन्हा पुन्हा.

आता बाराखडी. हे आजोबांच्या जिव्हाळ्याचं, म्हणून जरा सविस्तर. त्यांचा नातू बाराखडी खणखणीत म्हणतो. मी ‘की’वर बोट ठेवलं तेव्हा त्याने बोटं मोजायला सुरुवात केली, “क, का, कि, की”, आणि चौथ्या बोटावर थांबून म्हणाला, “की!” म्हणजे त्याला चाल पाठ आहे. डोळ्यांनी वेलांटी ओळखून ‘ई’चा आवाज काढणं अजून जमलेलं नाही. 34 व्यंजनं गुणिले 12 म्हणजे 408 आकृत्या, शिवाय जोडाक्षरं. एवढं सगळं चालीवर पाठ करण्यापेक्षा काना म्हणजे ‘आ’ ही एक खूण पक्की झाली, तर ती प्रत्येक अक्षराला लावता येते.

वर्णमालेची मांडणी शास्त्रशुद्ध आहेच, कंठापासून ओठांपर्यंत. पण क, ख, ग, घ, ङ एवढं शिकून मूल वाचणार काय? त्याऐवजी स, त, र आणि काना घ्या. एवढ्यावर एसटीच्या पाटीवरचं ‘सातारा’ वाचता येतं, ‘तारा’ येतं, ‘सात’ येतं. थोडी अक्षरं घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. आपल्याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलांच्या वाचनावर कितीतरी वर्षं काम केलं. जवळच आहे, जाऊन बघता येईल.

‘पूर्वी सगळ्यांना यायचं.’ 1951 च्या जनगणनेत देशात साक्षर होते शंभरात अठरा. ज्यांना आलं नाही ते शाळा सोडून गुरांमागे गेले, आणि त्यांनी आज मेसेज लिहिलेला नाही.

आजोबा, नातवाला रात्री दहा मिनिटं जवळ घ्या. बाराखडी म्हणवून घेतलीत तरी हरकत नाही, पण नंतर पेपर उघडा आणि मोठ्या मथळ्यात ‘स’ कुठे आहे ते शोधायला सांगा. मग ‘सा’. अडला तर सांगून टाका, थांबवून ठेवू नका. आणि तो ‘येळ’ म्हणाला तर म्हणू द्या.