मिरवायची मेंढी, आणि एका टोमण्याला उत्तर

नमस्कार. फिलिप के. डिकच्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' या १९६८ च्या कादंबरीवरचा माझा लेख शेवटपर्यंत वाचलात, आभार. खरे प्राणी दुर्मिळ झालेल्या जगात अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे कृत्रिम जीव, बक्षिसासाठी मारणाऱ्या रिक डेकर्डच्या गच्चीवरची विजेची मेंढी ही शेजाऱ्यांसमोर मिरवायची वस्तू आहे, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला ते पटलं नाही; ती माया आहे, असं तुमचं म्हणणं. एक चूक आधीच कबूल करतो: मूळची खरी मेंढी शेजाऱ्याने नाही, सासऱ्याने दिली होती, पृथ्वी सोडून जाताना. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण तुमचं हे वाक्य: "ज्याने कधी मुकं जनावर जीव लावून सांभाळलं नाही, त्यालाच असं दिसणार."

अहो, मी काय सांभाळलं ते तुम्हाला काय ठाऊक? कादंबरीवर बोलता बोलता एकदम माणसाच्या अंगावर यायचं, ही कुठली रीत? त्याच कादंबरीत 'तुमची मेंढी खरी का?' असं विचारणं हे दात-केस खरे का, असं विचारण्यापेक्षाही असभ्य मानतात. तुम्ही तर थेट माझं काळीज खरं का ते तपासायला निघालात!

आता विषय काढलाच आहे तर ऐका. मी आठ वर्षांचा असताना आमच्याकडे अल्सेशियन होता, सीझर. संध्याकाळी त्याला फिरवून आणायचं काम माझं. म्हणजे खरं तर तोच मला फिरवायचा. आलेला पाहुणा आधी सीझरबद्दल विचारायचा, मग आमच्याबद्दल. सीझर गेला आणि पंधरा दिवसांच्या आत वडिलांनी त्याच रंगाचा दुसरा आणला. नाव तेच, पट्टाही तोच. नवा मानेने बारीक होता, म्हणून वडिलांनी खिळा तापवून पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. चामडं जळाल्याचा तो वास मला अजून आठवतो. "बारीक झाला हो सीझर," असं कुणी म्हटलं की वडील म्हणायचे, "आजारी होता." मी शेजारी उभा असायचो. गप्प.

डेकर्डने दुसरं काय केलं? ग्राउचोला, म्हणजे त्या मूळच्या खऱ्या मेंढीला, गवताच्या गठ्ठ्यातली तार लागली, धनुर्वात झाला, तो मेला. मग याने हुबेहूब तशीच विजेची मेंढी करवून घेतली आणि स्वतः सांगेपर्यंत शेजारच्या बार्बरला पत्ता लागू दिला नाही. कुणासाठी? ग्राउचोसाठी? मी हे घरात पाहिलंय, मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. (वडील त्या रात्री जेवले नव्हते, पण तो वेगळा विषय.)

विजेच्या प्राण्यांच्या दुरुस्ती-दवाखान्यात काम करणाऱ्या इसिडोरच्या गाडीत मरतं ते खरं मांजर तुम्ही माझ्याविरुद्ध पुढे केलंत. मालकीण काय करते? नवऱ्याला कळू नये म्हणून विजेचं मांजर करून घ्यायला तयार होते. म्हणजे पुन्हा देखावाच की! डेकर्ड पुढे विकत घेतो त्या शेळीचंही तेच. तीन अँड्रॉइड मारल्याबद्दल मिळालेले तीन हजार डॉलर तो पहिला हप्ता म्हणून भरतो. एरवी प्राण्यांच्या भावांचा कॅटलॉग खिशात घेऊन फिरणारा माणूस आहे तो. याला तुम्ही माया म्हणा, मी म्हणणार नाही.

मर्सरिझम, म्हणजे कादंबरीतला सहानुभूतीचा पंथ, आणि शेवटचा तो बेडूक, यांवर तुम्ही लांबलचक लिहिलंय. वाचलं. सध्या एवढंच.

आणि "सिनेमा पाहून लिहिलंय" हा आरोप? १९८२ च्या 'ब्लेड रनर'मध्ये ती मेंढी नाहीच. नसलेली मेंढी पाहून मी तिच्यावर लेख लिहिला, असं म्हणायचंय का तुम्हाला?

तो पट्टा अजून माझ्या कपाटात आहे. खिळ्याचं भोक बाकीच्या भोकांपेक्षा जरा वाकडं पडलंय. पुरावा हवा असेल तर फोटो पाठवतो.